दोन थर्मोस्टॅट, एक हाउसिंग: चढाला तापणारं आणि उताराला गार पडणारं ट्रक इंजिन

१४ फेब्रुवारी

आज गाडी ताब्यात आली. सहा सिलिंडर एका रांगेत, साधारण बारा लिटरचं टर्बो डिझेल, ओले लायनर (ज्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं अशा सिलिंडरच्या नळ्या), इंजिनाला ईसीयू (कंप्युटर) आहे. तक्रार अशी की भरलेली गाडी लांब चढाला लागली की काटा वर सरकत सरकत लालच्या तोंडाशी जातो, आणि तीच गाडी उताराला किंवा रिकामी परत येताना काटा अर्ध्याच्याही खाली, केबिनचा हीटर लावला तर कोमट वारा. आधीच्या ठिकाणी तापण्याचा इलाज म्हणून रेडिएटर नवा टाकलाय, मग वॉटर पंप नवा टाकलाय, कॅपही नवी दिसते. तापणं गेलं नाही. गार पडण्याकडे तर कुणी लक्षच दिलेलं दिसत नाही, आणि मला खरा धागा तिथेच वाटतोय. रेडिएटर चोंदला असता तर गाडी तापली असती पण गार पडली नसती, पंप कमजोर असता तरी तेच. तापणं आणि गार पडणं दोन्ही एकाच इंजिनात होत असेल तर पाण्याची वाटणी जिथे होते ती जागा आधी बघायची, म्हणजे थर्मोस्टॅट हाउसिंग (पाण्याच्या तापमानाप्रमाणे उघडझाप करणारा वॉल्व जिथे बसतो ते घर).

पण लगेच पाना लावायचा नाही असं ठरवलंय. आधी आकडे, मग नट.

आज वरवरची तपासणी उरकली. कूलंट लेव्हल बरोबर, रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी आणि ग्लायकॉल अर्धं अर्धं निघालं म्हणजे गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास. सिस्टिमला हातपंपाने १ बार दिला, सुई हलली नाही, कॅपही १ बारलाच सुटते. हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात येतोय का ते बघायला निळ्या द्रावणाची टेस्ट केली, निळं ते निळंच राहिलं, रंग बदलला नाही, म्हणजे तो संशय मिटला. बेल्ट ठीक, रेडिएटरच्या जाळ्या बाहेरून स्वच्छ, फॅन क्लच पकडतोय.

१६ फेब्रुवारी

पाण्याचा रस्ता कागदावर काढला, सोबतच्या पोराला समजावता समजावता माझंही डोकं साफ झालं.

पंप पाणी ढकलतो, ते आधी ऑइल कूलरमधून जातं, मग ब्लॉकमध्ये लायनरभोवती फिरतं, तिथून वर हेडमध्ये, हेडमधून पुढच्या थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये. इथून दोन वाटा फुटतात. एक वरच्या होजने रेडिएटरला जाते आणि खालच्या होजने पंपाच्या तोंडाशी परत येते. दुसरी बायपास, ती रेडिएटरला हातही न लावता सरळ पंपाच्या तोंडाशी येते. या इंजिनात हाउसिंगमध्ये दोन थर्मोस्टॅट शेजारी शेजारी बसतात, कारण एवढ्या मोठ्या इंजिनाचं सगळं पाणी एका वॉल्वमधून जाऊ द्यायचं तर तो वॉल्व फार मोठा करावा लागतो, शिवाय एखादा बंद अवस्थेत अडकला तर दुसरा थोडं तरी पाणी सोडतो.

आता महत्त्वाचं. प्रत्येक थर्मोस्टॅटला दोन वॉल्व असतात. वरचा मोठा, रेडिएटरकडचा, तो सगळ्यांना माहीत असतो. आणि खाली एक चपटी चकती, स्प्रिंगवर बसवलेली, तिचं काम बायपासचं भोक बंद करणं. इंजिन गार असताना वरचा वॉल्व बंद, चकती भोकापासून लांब, त्यामुळे सगळं पाणी बायपासने फिरतं. पाणी तापलं की वरचा वॉल्व उघडायला लागतो आणि त्याच हालचालीत चकती भोकाकडे सरकते. मध्ये कुठेतरी दोन्ही अर्धवट उघडे, थोडं पाणी इकडे थोडं तिकडे. पूर्ण तापलं की वरचा सताड उघडा आणि चकती भोकावर घट्ट.

म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतो तेव्हा इंजिनातलं पाणी थांबलेलं असतं हा समज चुकीचा आहे. पाणी कधीच थांबत नाही, थांबलं तर हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्वच्या मधल्या पुलावर (वॉल्वमधल्या धातूच्या अरुंद पट्टीवर) ते जागच्या जागी उकळेल आणि हेडला चीर जाईल. इंजिनातून फिरणारं पाणी जवळपास तेवढंच राहतं, बदलतं ते एवढंच की त्यातलं किती रेडिएटरमार्गे परत येतं आणि किती बायपासने. थर्मोस्टॅट हा पाणी अडवणारा नाही, पाणी वाटणारा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की या गाडीचं निम्मं कोडं सुटतं असं मला वाटतंय.

१७ फेब्रुवारी

सेन्सर लावले. गाडीचा स्वतःचा तापमानाचा आकडा जे१९३९ लाइनवर (ट्रकमधल्या कंप्युटरांची आपसात बोलायची लाइन) एसपीएन ११० या क्रमांकाने मिळतो पण तो एकेका अंशाच्या पायरीने येतो आणि तो फक्त एका जागेचा असतो, मला तर वाटणी बघायचीय. म्हणून के टाइपचे थर्मोकपल (तारेसारखे तापमानाचे सेन्सर): एक हेडच्या आउटलेटला, एक रेडिएटरच्या वरच्या होजच्या नळीला, एक खालच्या नळीला, एक बायपास पाइपच्या पंपाकडच्या टोकाला, आणि एक पंपाच्या तोंडावर जिथे खालच्या होजचं आणि बायपासचं पाणी एकत्र होतं तिथे. सगळे धातूवर पट्टीने आवळून वरून फोम गुंडाळला, नाहीतर फॅनचा वारा लागून आकडा खाली येतो.

इन्फ्रारेड गनने होज बघून निदान करणारे बरेच असतात, घाईत मीही वापरतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर गन सरळ खोटं बोलते, कमी दाखवते. तिथे काळी मॅट टेप चिकटवून तिच्यावर नेम धरला तर आकडा विश्वासाचा येतो. रबराच्या होजवर ती अडचण नाही, पण रबर आतली उष्णता उशिरा बाहेर देतं हे लक्षात ठेवायचं.

२० फेब्रुवारी

रिकाम्या गाडीची फेरी, सपाट रस्ता. बाहेरची हवा ३१ अंश.

हेड आउटलेट ७३ ते ७५ च्या मध्ये अडकून बसलं. तासभर गाडी चालवली तरी वर जाईना. लांब उतारावर इंजिन ब्रेक लावून उतरताना ६८ पर्यंत घसरलं. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला सुरुवात करणारा हवा, मग ८२ च्या आत रेडिएटरची वरची नळी थंडगार पाहिजे होती. ती चांगली गरम होती, हेडपेक्षा दोनच अंश कमी. म्हणजे ७३ लाच कुठून तरी रेडिएटरकडे पाणी सुटतंय. एकतर वॉल्व अडकून उघडा राहिलाय, नाहीतर सील फाटलंय, नाहीतर आत भलताच माल आहे.

इंजिन गार चाललं तर काय बिघडतं, तापत तर नाही ना, असं खूप जणांना वाटतं, म्हणून इथे जरा लांबण लावतो. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, सिलिंडरच्या भिंती गार असतील तर कडेचं इंधन नीट जळत नाही, ते लायनरवर चिकटून रिंगच्या फटीतून खाली ऑइलमध्ये जातं आणि ऑइल पातळ होतं. जळताना जी पाण्याची वाफ होते ती क्रँककेसमध्ये उतरून तिथेच जमते, ऑइल पुरेसं तापत नसल्यामुळे बाहेर पडत नाही, मग गाळ होतो. डिझेलमधलं गंधक आता खूप कमी झालंय पण जिथे ते जास्त असतं तिथे गार लायनरवर आम्ल साचून लायनर आणि रिंग खाल्ल्या जातात. शिवाय पिस्टन आणि लायनरमधली फट गरम इंजिनासाठी आखलेली असते, गार इंजिनात पिस्टन जास्त थडथडतो आणि ओल्या लायनरची बाहेरची बाजू त्या थरथरीने कंप पावते, पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि लायनरला टाचणीच्या टोकासारखे खड्डे पडतात. कूलंटमधलं ॲडिटिव्ह त्याच्यासाठीच असतं. नवीन गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, इंजिन तापमानाला आलंच नाही तर त्याची सफाई सुरूच होत नाही. कारच्या स्कॅनरवर पी०१२८ हा कोड येतो तो हेच सांगतो, की पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाहीये.

ऑइलचा नमुना काढून लॅबला पाठवला.

२१ फेब्रुवारी

आज भरलेली गाडी, तोच लांब चढ जिथे ती तापते. हवा ३५ अंश. ड्रायव्हर नेहमीचेच, मी शेजारी लॉगर (सेन्सरचे आकडे नोंदवणारं यंत्र) मांडीवर घेऊन.

चढाच्या मध्यापर्यंत आकडे चढत गेले, ९८ ला फॅन लागला आणि मग सुटलाच नाही. शेवटी जिथे स्थिर झालं ते असं: हेड आउटलेट १०४, खालची नळी ८८, पंपाचं तोंड ९४, बायपासचं पंपाकडचं टोक १०३.

हे आकडे वाचून मला चालू गाडीतच बरं वाटलं, कारण सगळं त्यातच आहे. रेडिएटर १०४ चं पाणी ८८ करून देतोय म्हणजे १६ अंश काढतोय, रेडिएटर उत्तम काम करतोय. पण पंपाच्या तोंडात ८८ चं पाणी जात नाहीये, ९४ चं जातंय. वरचे ६ अंश आले कुठून? १०४ चं गरम पाणी बायपासने येऊन मिसळलं म्हणून. हिशेब सोपा आहे, पंपात आलेलं पाणी आउटलेटपेक्षा १० अंश गार आहे, सगळंच रेडिएटरमधून आलं असतं तर १६ अंश गार असतं, १० भागिले १६ म्हणजे ०.६२५. म्हणजे रेडिएटरमधून ६२ टक्के पाणी आलं आणि ३८ टक्के पाणी न गार होता फिरून परत आलं. ऐन चढावर जेव्हा थेंब न् थेंब रेडिएटरमधून जायला पाहिजे तेव्हा.

उष्णतेचाही अंदाज लावून बघितला. या मापाच्या इंजिनाचा पंप मिनिटाला ३०० लिटरच्या आसपास पाणी फिरवतो असं धरलं, म्हणजे सेकंदाला ५ लिटर, अर्धं ग्लायकॉल असलेलं कूलंट एका किलोला एक अंश वाढवायला साधारण साडेतीन किलोजूल घेतं, तर १० अंशाच्या फरकाला जवळपास १८० किलोवॅट उष्णता पाण्यात जातेय. बारा लिटरच्या इंजिनाला पूर्ण लोडवर हा आकडा बसतो. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा पाण्यात जातो, त्याच्याशीही जुळतं.

बायपासचं टोक का महत्त्वाचं ते सांगतो. बायपास खरंच बंद असेल तर त्या पाइपमध्ये वाहतं पाणी नसतं आणि त्याचं पंपाकडचं टोक हळूहळू खालच्या नळीच्या तापमानाकडे झुकतं. इथे ते १०३ होतं, आउटलेटपेक्षा एकच अंश कमी. पाणी धो धो वाहतंय.

२२ फेब्रुवारी

ड्रायव्हर म्हणाले, "साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाका ना, कटकटच नको, पाणी मोकळं फिरू दे." त्यांनी मनापासून विचारलं आणि हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो म्हणून नीट लिहून ठेवतो.

थर्मोस्टॅट काढला की वरचा वॉल्वही गेला आणि खालची चकतीही गेली. दोन्ही वाटा कायमच्या उघड्या. पाणी सोपी वाट धरतं, आणि बायपास हा आखूड जाड पाइप तर रेडिएटर म्हणजे शेकडो बारीक नळ्या, मग पाण्याचा मोठा वाटा बायपासनेच पळतो. हलक्या लोडवर इंजिन गार, जड लोडवर तापलेलं, म्हणजे या गाडीला आत्ता जे झालंय तेच, आणखी वाईट. यावर काही जण म्हणतात की थर्मोस्टॅट नसला तर पाणी रेडिएटरमधून इतकं जोरात जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. हे खरं नाही. रेडिएटरमधून पाणी जितकं जास्त जाईल तितकी रेडिएटर एकूण उष्णता जास्तच टाकतो, एका फेरीत तापमान कमी उतरेल पण फेऱ्या जास्त होतात. तापण्याचं कारण बायपास उघडा राहणं हेच. आणि बायपासही बूच मारून बंद केला तर मग तापणार नाही, पण इंजिन कधी तापमानाला येणारच नाही, आणि गार पाणी सरळ गरम ब्लॉकमध्ये घुसेल, लायनरची आणि हेडची वाट लागेल ती वेगळी.

ड्रायव्हरना कालचा आलेख दाखवला, त्यांना पटलं. चांगले माणूस आहेत, गाडीची काळजी आहे त्यांना, काटा वर गेला की स्वतःहून गियर खाली घेऊन आरपीएम वाढवतात म्हणजे पंप आणि फॅन जोरात फिरतात, म्हणूनच हे इंजिन आजवर टिकलं.

२४ फेब्रुवारी

हाउसिंग उघडलं. आधी इंजिन रात्रभर गार केलं, कूलंट स्वच्छ डब्यात काढून घेतलं.

आत दोन थर्मोस्टॅट, बाहेरचा व्यास सारखाच, बसतात सारखेच. डावा: शिक्का ८२ (उघडायला लागण्याचा अंश), खाली स्प्रिंगवर चकती. उजवा: शिक्का ७१, खाली चकती नाहीच. नुसता वॉल्व आणि त्याला हलवणारी मेणाची कुपी.

बस, एवढंच होतं. कुणीतरी मागे एकच थर्मोस्टॅट बदलला आणि व्यास जुळला म्हणून टाकून दिला. त्या एका तुकड्याने दोन्ही रोग लावले. हलक्या लोडवर ७१ वाला आधी उघडतो, हलक्या लोडची उष्णता काढायला तो एकटा पुरतो, त्यामुळे पाणी ७५ च्या वर जातच नाही आणि ८२ वाला झोपूनच राहतो. जड लोडवर ८२ वाला उघडतो, आपली चकती आपल्या भोकावर दाबतो, पण शेजारच्या भोकाला झाकणच नाही, तिथून गरम पाणी सारखं पंपाकडे परत. यापायी एक चांगला रेडिएटर आणि एक चांगला पंप भंगारात गेला याचं खूप वाईट वाटतं.

८२ वाल्याच्या भोवतीचं रबरी ओठाचं सीलही कडक झालंय, एका जागी कापलंय, तिथूनही थोडं पाणी निसटत असणार. बायपासच्या भोकाची कड बोटाने चाचपली, झिज नाही, गंज नाही. हे बघायचंच असतं, कारण कड खाल्लेली असेल तर नवा थर्मोस्टॅट टाकूनही चकती नीट बसत नाही.

२५ फेब्रुवारी

पातेल्यात टेस्ट. जुने दोन्ही आणि नवीन आलेली जोडी.

पद्धत लिहून ठेवतो. वॉल्वच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट त्या दोऱ्यावरच पाण्यात लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, थर्मामीटरचं टोकही तळाला नको कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. पाणी ढवळत राहायचं आणि शिक्क्याच्या अंशाजवळ आलं की आच बारीक, मिनिटाला एक अंशाच्या वर चढू द्यायचं नाही. वॉल्व उघडायला लागला की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो, तोच उघडण्याचा अंश. मग पूर्ण उघडण्याच्या तापमानाला दहा मिनिटं ठेवून बाहेर काढून लगेच वॉल्व किती उचललाय ते मोजायचं. दहा मिनिटं का, तर मेण आतपर्यंत वितळायला वेळ घेतं. उंच डोंगरावर कुणी ही टेस्ट करत असेल तर पाणी तिथे १०० च्या आधीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी, म्हणजे ९५ च्या पुढचं काही तपासायचं तर अडचण येते.

निकाल: जुना ८२ वाला ८१ ला सुटला, ९४ ला पूर्ण उघडला, १० मिलिमीटर उचल. खरं तर तो अजून चांगला आहे. ७१ वाला ७० ला सुटला, त्याच्या परीने तोही चांगलाच, फक्त या इंजिनाचा नाही. नवीन जोडीतला एक ८२ ला आणि एक ८३ ला. पाणी गार होताना बंद होण्याचा अंश उघडण्यापेक्षा तीन अंश खाली आला, हे सगळ्या मेणवाल्यांचं असतंच, त्याला दोष समजायचं नाही.

आतली रचना पोराला दाखवायला ७१ वाला कापला. पितळी कुपी, त्यात मेण, मेणात तांब्याची भुकटी मिसळलेली कारण मेण एकटं उष्णता फार हळू नेतं. वर रबराची पिशवी आणि तिच्यात एक खिळा. मेण वितळताना साधारण १० ते १५ टक्के फुगतं, कुपी कडक असल्यामुळे त्याला दुसरीकडे जायला जागा नाही, मग ते रबर दाबून खिळ्याला बाहेर ढकलतं. खिळा वर पुलाला टेकलेला, तो हलू शकत नाही, म्हणून कुपीच खाली जाते आणि वॉल्व तिच्यासोबत उघडतो. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग सगळं परत जागेवर आणते. किती अंशाला उघडायचं ते मेणाच्या मिश्रणावरून ठरतं, स्प्रिंगवरून नाही, त्यामुळे स्प्रिंग ताणून किंवा कापून तापमान बदलता येत नाही. आणि मेण गळून गेलं तर स्प्रिंग वॉल्व बंदच ठेवते, म्हणजे ही कुपी मेली की इंजिन तापतं.

याच्या आधी पितळी घडीच्या भात्याचे थर्मोस्टॅट असायचे, आत पटकन वाफ होणारा द्रव. ते सिस्टिमच्या दाबाला बळी पडायचे, दाब वाढला की भाता दबायचा आणि उशिरा उघडायचा. प्रेशर कॅप सगळीकडे आल्यावर ते जमेना. मेणाचा घटक सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात आणला, त्याला दाबाचा फरक पडत नाही कारण मेण घन किंवा द्रव असतं, दाबाने दबत नाही. इतक्या वर्षांनंतरही जड ट्रकच्या इंजिनात मूळ तत्त्व तेच आहे याचं मला खरंच कौतुक वाटतं. आता काही नव्या इंजिनांत कुपीत छोटा हीटर असतो, ईसीयू लोड बघून वॉल्व लवकर उघडायला लावतो, पण मेण आहेच.

२ मार्च

नवीन जोडी बसवली. दोन्ही ८२, दोन्ही चकतीवाले. सील नवीन, ओठाची बाजू दाबाकडे, हाउसिंगमध्ये ठोकताना सपाट ड्रिफ्ट वापरला आणि ओठाला कूलंट चोळलं. पॅकिंगला सिलिकॉन लावायचा मोह टाळायचा, आत पिळून आलेला तुकडा तुटून वॉल्वच्या सीटवर अडकला की वॉल्व बंदच होत नाही. हवा जायचा छोटा खिळा वरच्या बाजूला ठेवला. हा खिळा भरताना हवा जाऊ देतो आणि इंजिन चालू झालं की पाण्याच्या दाबाने बंद होतो. खाली राहिला तर थर्मोस्टॅटखाली हवेचा फुगा अडकतो, मेणाची कुपी पाण्यात नसून वाफेत राहते आणि ती उशिरा उघडते.

कूलंट हळूहळू भरलं, हीटरचा कॉक उघडा.

३ मार्च

पहिलं गरम करणं, लॉगर सेकंदाला एक नोंद.

वरची नळी हेड ८२ ला पोचेपर्यंत गार राहिली, अगदी पाहिजे तशी. मग मजेदार आलेख आला: हेड ८६ पर्यंत गेलं, एकदम ७८ ला पडलं, परत ८५, परत ८०, असं झोके घेत घेत थोड्या वेळाने ८३-८४ ला बसलं. पोरगा घाबरला की नवीनही खराब. नाही. थर्मोस्टॅट इंजिनाच्या आउटलेटला आहे. तो उघडला की रेडिएटरमध्ये साठलेलं गार पाणी पंपात घुसतं, ते पूर्ण इंजिन फिरून थर्मोस्टॅटपर्यंत यायला काही सेकंद लागतात, तोवर वॉल्व गरज नसताना जास्त उघडून बसलेला असतो. मग गार लाट पोचते, तो जास्त बंद होतो, आणि असं चालतं. रेडिएटरचं पाणी गरम झालं की झोके मरतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडाशी, म्हणजे इनलेटला असतो, तो मिसळलेलं पाणीच चाखतो म्हणून हा झोका तिथे फार कमी येतो. आमच्या जोडीत एक ८२ आणि एक ८३ ला उघडतो तेही थोडं बरंच आहे, दोघं एकदम दार उघडत नाहीत.

६ मार्च

तोच चढ, तेवढाच माल, हवा परत ३५. मुद्दाम तसा दिवस पकडला नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

९८ ला फॅन लागला, आणि काटा खाली येऊन स्थिर झाला. हेड आउटलेट ९५, खालची नळी ८५, पंपाचं तोंड ८५, बायपासचं टोक ८६. आउटलेट आणि पंपाच्या तोंडात फरक आधीसारखाच दहा अंशाचा, म्हणजे इंजिन उष्णता तेवढीच टाकतंय, पण आता सगळं पाणी रेडिएटरमधून येतंय. रेडिएटर तोच, पंप तोच, नऊ अंश खाली.

परतीला रिकामी: ८३ ते ८५. लांब उतारावर ८० पर्यंत गेली, तोपर्यंत वॉल्व बंद होऊन वरची नळी गार पडली होती. हीटर मस्त. ड्रायव्हरनी शिवाय गियर न उतरवता पूर्ण चढ काढला.

८ मार्च

मालकांचा फोन, फॅन लवकर लागेल असा स्विच टाकू का, म्हणजे आणखी गार राहील. नको म्हणून सांगितलं आणि कारणही सांगितलं. थर्मोस्टॅट ८२ ला सुरू होऊन ९४-९५ ला पूर्ण उघडतो. फॅन त्याच्या वर लागला पाहिजे. समजा फॅन ८८ लाच लावला, तर फॅन पाणी गार करणार, थर्मोस्टॅट म्हणणार पाणी गार झालं म्हणून अर्धा बंद होणार, रेडिएटरला पाणी कमी जाणार, आणि फॅन वारं मारतच राहणार. एकमेकांविरुद्ध झगडणं आणि मधल्या मध्ये डिझेल जाणार, कारण जड ट्रकचा फॅन पूर्ण पकडल्यावर इंजिनाची कित्येक किलोवॅट ताकद खातो, मोठ्या फॅनचे तर तीसच्याही पुढे. आधी थर्मोस्टॅट पूर्ण उघडावा, मग फॅन, मग धोक्याचा दिवा, या क्रमाने पायऱ्या हव्यात. आणि १ बारच्या कॅपमुळे हे कूलंट १२५ च्याही वर जाईपर्यंत उकळत नाही, त्यामुळे ९५ हा आकडा घाबरायचा नाहीच.

२८ मार्च

ऑइलचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. फेब्रुवारीच्या नमुन्यात डिझेल मिसळल्याची नोंद आणि व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ग्रेडच्या खाली. ऑइल बदलून आता पुन्हा पाठवलेल्या नमुन्यात डिझेल नोंद करण्याइतकं नाही आणि व्हिस्कॉसिटी ग्रेडमध्ये. लोखंडाचा आकडाही कमी आहे, पण हे ऑइल अजून फार चाललेलं नाही म्हणून त्यावर आत्ता काही म्हणत नाही, पुढच्या बदलीच्या वेळी तेवढ्याच किलोमीटरचा नमुना घेऊन बघू.

हाउसिंगच्या शेजारी रंगाने लिहून ठेवलंय: ८२, दोन, चकतीवाले, दोन्ही एकत्रच बदला. थर्मोकपल काढले, बायपासच्या टोकाचा एक मात्र तसाच ठेवलाय, पुढच्या सर्व्हिसला चढ काढून पाहायला.